रामहरी गुरवांनी दिलेले मत

हे लिहिणारी कुरणवाडीच्या कालव्यापलीकडील माळवस्तीत जन्मली. रामहरी गुरव तिला दर सोमवारी सकाळी दिसत, कारण त्या दिवशी ते परडीत बेल घेऊन वस्तीवर येत आणि प्रत्येक दारी थांबून घरातील वडील बाईच्या हातावर बेलाचे एक पान ठेवीत. वस्तीवरील लहान मुलांना वार मोजता येत नसत. गुरव आले की सोमवार, एवढेच त्यांना ठाऊक होते. हेच गृहस्थ पुढे लोकल बोर्डाचे मेंबर झाले व सलग बावीस वर्षे राहिले. ते देवाच्या कामातून लोकांच्या कामात कसे आले, हे सांगण्यासारखे आहे. लिहिणारीची आई छबूबाई हिचा या हकिकतीशी जवळचा संबंध होता. जे स्वतः पाहिलेले नाही ते आईकडून आणि रामहरींच्या पत्नी प्रयागबाई यांच्याकडून ऐकलेले आहे. अक्षर उशिरा हाती आले, म्हणून लिहिण्यासही उशीर झाला.

कुरणवाडी हे गाव बारामतीहून इंदापूरकडे जाताना रस्त्यापासून कोसभर आत, कालव्याच्या काठी आहे. गावात महादेवाचे देऊळ आहे आणि त्याची पूजा तीन पिढ्यांपासून रामहरींच्या घराकडे होती. पहाटे पिंड धुवावी, दिवा भरावा, दुपारी पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावाव्यात, लग्नकार्यात सनई वाजवावी आणि सोमवारी घरोघर बेल पोचवावा, हे त्यांचे काम होते. त्याबद्दल सुगीला खळ्यावरून धान्य मिळे. शिवाय सहा एकर जिराईत जमीन त्यांच्या स्वतःच्या नावावर होती. बेल तोडण्यात ते फार चोखंदळ होते. भोक पडलेले, दुमडलेले किंवा देठ तुटलेले पान त्यांनी कधी परडीत पडू दिले नाही. एकदा कोणी म्हणाले, "तात्या, देवाला एवढं कुठं दिसतंय?" त्यावर ते म्हणाले, "देवाचं म्हायती न्हाय. मला दिसतंय."

दारोदार फिरणाऱ्या माणसाला घरोघरचे कळते. कोणाची सून माहेरी रुसून बसली आहे, कोणाच्या म्हाताऱ्याने अन्न सोडले आहे, हे रामहरींना सर्वांच्या आधी समजे. परंतु एका दारचे बोलणे त्यांनी दुसऱ्या दारी नेले नाही. त्यामुळे लोक त्यांच्यापाशी मोकळेपणाने बोलत. ते ऐकून घेत, मान हलवीत आणि पुढच्या घरी जात. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत आपण यापेक्षा काही अधिक करावे, असे त्यांच्या मनात आले नव्हते.

गावाचे आबाजी पाटील हे त्या वेळी बोर्डाचे मेंबर होते. ते मनाने मोठे होते आणि आवाजाने त्याहून मोठे. कोणाचा बैल बसला तर स्वतःच्या दावणीचा बैल पेरणी होईपर्यंत देतील. मात्र कागद समोर आला की त्यांच्या डोळ्यांवर झापड येई. निवडणूक आली की त्यांनी एक रिवाज पाडलेला होता. मतदारांना देवळात बोलावून ते प्रत्येकाकडून बेलभंडारा उचलून घेत. गुरवाने तळहातावर बेलाचे पान ठेवावे, त्यावर चिमूटभर हळद टाकावी आणि त्या माणसाने पिंडीकडे तोंड करून म्हणावे, "माझं मत आबाजी पाटलाला." मग पान पिंडीवर वाहावे. बेल उचलून दिलेला शब्द कोणी मोडल्याचे कुरणवाडीत कोणाच्या ऐकिवात नव्हते. त्या काळी मताचा हक्क सर्वांना नव्हता, ठरावीक सारा भरणाऱ्यांनाच होता. पाटील सोडून गावात आणि वस्तीवर मिळून असे एकेचाळीस मतदार होते. त्यांत एक माझी आई छबूबाई, कारण वडिलांच्या पश्चात जमीन तिच्या नावावर होती. आणि एक स्वतः रामहरी.

सन १९३३ ची निवडणूक मार्गशीर्षात व्हायची होती, परंतु पाटलांच्या मुलीचे लग्न वैशाखात निघाले. सगळे मतदार जेवायला आयतेच जमलेले. पाटील म्हणाले, "पंगत उठली की देवळाकडं चला. पुन्यांदा कोण कुणाला गोळा करीत बसतोय?" लोक हात धुऊन देवळात गेले. रामहरींनी सनई खाली ठेवली, ताम्हनात पाने घेतली आणि एकेकाच्या हातावर ठेवीत गेले. चाळीस जणांचे झाल्यावर प्रत्येक खेपेप्रमाणे शेवटचे पान त्यांनी आपल्या तळहातावर घेतले, हळद टाकली आणि तेच शब्द म्हटले. हाताला सवय होती. मनाने त्यात भाग घेतला नव्हता.

आषाढातील एका सोमवारी ते आमच्या दारी आले तेव्हा आईने हात पुढे केला नाही.

"तात्या, पान राहू द्या. आज एक इचारायचं हाय."

"इचारा की, छबूबाई."

"शाळंच्या अर्जाचं काय झालं? तीन डाव अंगठं उठिवलं आमी. बोटाची शाई निघंना आन् शाळा काय येईना."

वस्तीवर शिकण्याच्या वयाची बावीस मुले होती. शाळा होती गावात, आणि मध्ये कालवा. पूल दीड मैल खाली. जवळ ओलांडायला बाभळीचा एक ओंडका टाकलेला होता. आदल्या वर्षी पाणी सुटलेले असताना त्यावरून एक पोरगी घसरली. तिला वेणीला धरून काढली, पण त्या दिवसापासून वस्तीने मुले धाडणे बंद केले. म्हणून वस्तीवर वेगळी शाळा द्यावी, असा अर्ज होता.

"आबांच्या कानावर घातलंय म्या," रामहरी म्हणाले.

"आबांचा कान म्हंजी बिनबुडाचा रांजण. किती बी वता, रिकामाच. तात्या, तुमी समद्यांच्या दारी जाता, समद्यांचं ऐकता. आन् मंग त्या ऐकल्याचं काय करता?"

रामहरींनी परडी उचलली. ते पुढच्या घरी गेले, पण त्या दिवशी दोन घरे चुकली. त्यांच्या हातून असे कधी झाले नव्हते.

त्याच आठवड्यात ते बारामतीला चालत गेले. कचेरीतील एका वयस्कर कारकुनाने दप्तर सोडून पाहिले आणि सौम्यपणे सांगितले, "अर्ज आलेला आहे. तीन वेळा पुण्याच्या सभेपुढे ठेवला गेला. पण तुमच्या भागाचे मेंबर तिन्ही वेळा गैरहजर. ज्या कागदासाठी कोणी उभे राहून बोलत नाही, तो पुन्हा गठ्ठ्यात जातो."

"उभं ऱ्हाऊन बोलायचं, एवढंच?"

"बहुतेक वेळा एवढेच."

परत येताना कन्हेरीच्या शिवारात ते एका बांधावर बराच वेळ बसले. आपण रोज देवापुढे उभे राहून पाचशे माणसांसाठी मागणे मागतो, आणि बावीस मुलांसाठी एका खोलीत उभे राहायला कोणी नाही, हा विचार त्यांना सोडीना. घरी येऊन त्यांनी प्रयागबाईंना सांगितले की, आपण निवडणुकीला उभे राहणार. प्रयागबाई पत्रावळीला काडी टोचीत होत्या.

"तुमी? मेंबर? आन् लग्नात सनई कोण वाजवील?"

"सनई बी वाजवीन."

"म्हंजी वरात पुण्याला न्हेणार म्हणा की," त्या म्हणाल्या. परंतु नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांनी काडी खाली ठेवली.

पाटलांना बातमी कळली तेव्हा ते चावडीवर पोट धरून हसले. "गुरवा, लई चांगलं केलंस. एकट्यानं पळायला मजा येत न्हाय." त्यांना राग आला नव्हता आणि काळजीही वाटली नव्हती. कुरणवाडीची मते बांधलेली होती. आसपासच्या गावांत मात्र रामहरींचे नाव ऐकून लोक खुलले. ते पायी हिंडले. शाळेची गोष्ट त्यांनी प्रत्येक गावात सांगितली. कार्तिक उजाडला तेव्हा अशी स्थिती होती की, बाहेरगावची मते जवळपास सारखी वाटली जातील आणि निकाल कुरणवाडीवर लागेल.

तेव्हा गावातील सावळाराम आणि रावजी हे दोघे देवळात आले. दोघेही रामहरींचे बाळपणापासूनचे सोबती.

"तात्या," सावळाराम म्हणाला, "आमचं हात बांधल्यात. तुमीच बांधलं, तुमीच सोडा."

"कसं सोडू?"

"देवापुढं उभं करा. म्हणावं, पान माघारी घेतलं. तुमी गुरव, तुमचा हक हाय. चाळीस मतं हायत, तात्या. समदी तुमची."

रामहरींनी तीन दिवस मागितले. प्रयागबाई सांगत की, त्या तीन दिवसांत त्यांनी एकदा पिंडीवर पाणी घालण्याऐवजी दिव्यात घातले. मनात काय चालले होते ते उघड आहे. ते तोंडातून एक वाक्य काढतील तर शाळा येणार होती. वाईट कामासाठी तर नव्हे ना? आणि तसे करण्याचा अधिकार त्यांना होता, असे सगळे गाव मानीत होते. चौथ्या दिवशी ते दोघांना म्हणाले:

"पान म्या दिलं, पर शबुद तुमी आबांला दिलासा. ज्याला दिला त्यानं सोडला तर सुटंल. म्या सोडणारा कोण? आन् दुसरं असं हाय, रावजी. ह्यात फायदा माझा हाय. माझ्या फायद्यापायी मी देवाला बोलायला लावू?"

"मंग शाळा गेली म्हणायची."

"ह्या डावाला गेली."

मग सावळारामने हळूच विचारले, "आन् तुमचं सोताचं मत?"

रामहरींनी त्याच्याकडे पाहिले. इतक्या दिवसांत ही गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. शेवटचे पान त्यांच्या स्वतःच्या हातावर होते.

"घरी बसा त्या दिशी," रावजी घाईने म्हणाला. "ताप आला म्हणा. कुणालाच देऊ नका. मंग शबुद बी मोडला न्हाय."

"माझं मत आबाला, असं म्हणलोय म्या. माझं मत कुणालाच न्हाय, असं न्हाय म्हणलो."

मतांच्या दिवशी चावडीत टेबल मांडले होते. अंमलदार बारामतीहून आलेले. ज्याला लिहिता येत नसेल त्याने उमेदवाराचे नाव सांगावे आणि त्यांनी खूण करावी, अशी व्यवस्था होती. रामहरींना थोडे लिहिता येत होते, तरी त्यांनी नाव तोंडानेच सांगितले आणि दाराशी उभ्या असलेल्यांना ऐकू जाईल असे सांगितले. गुरवाने आत जाऊन काय केले, असा संशय पुढे कोणाला राहू नये, हा त्यांचा हेतू होता.

"नाव?" अंमलदारांनी विचारले.

"रामहरी गुरव."

"उमेदवार रामहरी गुरव ते तुम्हीच का?"

"व्हय."

"मत कोणाला?"

"आबाजी पाटलांना."

अंमलदारांनी चष्मा काढला. "अहो, नीट विचार करून सांगा."

"इचार वैशाखात करायला पायजे हुता, सायेब. आता तेवढं मत घ्या."

दाराशी कोणीतरी हसले. त्यांच्यानंतर माझी आई आत गेली. तिनेही आबाजी पाटलांचेच नाव सांगितले. बाहेर येऊन ती कोणाशी न बोलता वस्तीकडे निघाली आणि ओंडक्यावरून न जाता दीड मैल पुलाने गेली.

रामहरी दोन मतांनी पडले. बारामतीला मोजणी झाली तेव्हा शिपायाने लोकांना समजावून सांगितले की, त्यांनी आपले मत स्वतःला दिले असते तर मते समान झाली असती आणि चिठ्ठी टाकावी लागली असती. ही गोष्ट गावात महिनाभर चघळली गेली. कोणी त्यांना साधू म्हणत, कोणी खुळा म्हणत. निकालानंतर चौथ्या दिवशी पाटील देवळाच्या पायरीवर येऊन बसले. त्यांनी मागवलेले पेढे घरीच पडून होते.

"रामहरी, तू मला मत दिलंस."

"दिलं."

"लोक काय म्हणत्यात म्हायती हाय? पाटील गुरवाच्या मतावर मेंबर झाला. माझी बायको बी म्हणती."

"म्हणू द्या. तुमी तेवढं सभंला जावा, आबा."

पाटील खरोखर दोन सभांना गेले. पहिल्या सभेत ते उसाच्या भावावर बोलले, कारण तेव्हा तेच त्यांच्या मनात होते. दुसऱ्या सभेत त्यांना झोप लागली. शाळा आली नाही.

इथे हकिकत थांबली असती, तर रामहरी गुरव हे गुरवच राहिले असते. परंतु माघ महिन्यात ते शेजारच्या एका गावी लग्नाची सनई वाजवायला गेले असता, सरुबाई नावाची एक बाई त्यांच्या पाया पडली व म्हणाली, "तात्या, तुमी पडलासा त्यात आमचं पाप न्हाय बरं का. आमच्या मालकांनी तुमालाच दिलं. गुरवाला न्हाय म्हणलं तर महादेव कोपंल, म्हणलं."

रामहरींनी तिला आशीर्वाद दिला, पण परतीच्या वाटेवर ते तिचे शब्द मनाशी घोळवीत चालले. बाहेरगावच्या लोकांनी शाळेसाठी मते दिली, असे ते धरून चालले होते. त्यांतील कितींनी देवाच्या भीतीने दिली, हे आता कळण्यास मार्ग नव्हता. आबांनी पानाने मते बांधली, आणि आपणही, न सांगता, न मागता, तेच केले. जोवर परडी हातात आहे तोवर समोरचा माणूस आपल्याला मत देतो आहे की देवाला, हे त्याला स्वतःलाही समजणार नाही.

महाशिवरात्र झाल्यावर त्यांनी पूजा धाकटा भाऊ गेणू याच्याकडे देण्याचे ठरवले. पूजेबरोबर सुगीचे धान्यही जाणार होते, पण प्रयागबाईंना दुःख झाले ते त्याचे नव्हे. वीस वर्षे त्यांनी देवळाचे अंगण झाडले होते. गावातील सवाष्णींत पहिले कुंकू त्यांना लागत असे.

"देव सोडता?" त्यांनी विचारले.

"देव न्हाय. परडी सोडतो."

"लोकांस्नी दोनी एकच दिसतंय."

"म्हणूनच सोडतो."

प्रयागबाई चार दिवस बोलल्या नाहीत. पाचवा दिवस सोमवार होता. पहाटे त्यांनी परडी धुतली, पुसली आणि स्वतः जाऊन जाऊबाईंच्या, म्हणजे तानूबाईंच्या हातात दिली. "भोक पडलेलं पान घालू देऊ नगं त्याला," एवढेच त्या म्हणाल्या. घरी येऊन मात्र त्या रडल्या. हे त्यांनीच लिहिणारीला सांगितले, आणि सांगताना हसत होत्या.

त्या सोमवारी गेणू बेल घेऊन पुढे गेला आणि त्याच्यामागून घटकाभराने रामहरी रिकाम्या हातांनी तीच घरे हिंडले. बायकांनी सवयीने तळहात पुढे केले. त्यावर ठेवायला काही नव्हते, म्हणून रामहरींनी हात जोडले. ज्या माणसाला आपण वाकून नमस्कार करायचा तोच आपल्याला करतो, याने बायका ओशाळल्या. त्यांतील एक नकोशी नावाची म्हातारी चिडून म्हणाली, "असला कसला गुरव तू?" रामहरी म्हणाले, "गुरव आत्ताच गेला न्हाय व्हय म्होरं? मी नुस्ता रामहरी. आजी, नातू शाळंत जातोय का?"

तीन वर्षे ते असे हिंडले. सन १९३६ ची निवडणूक आली. पाटील पुन्हा उभे राहिले आणि त्यांनी रिवाजाप्रमाणे मतदारांना देवळात बोलावले. गेणू ताम्हन घेऊन उभा होता. पाटलांना नाही म्हणण्याची त्याची ताकद नव्हती. रामहरी आत गेले नाहीत. ते बाहेर पायरीवर बसून राहिले. आतले बोलणे त्यांना स्पष्ट ऐकू येत होते. मागच्या खेपेसारखे चाळीस हात पुन्हा बांधले जाणार आणि आपण पुन्हा काही करणार नाही, हे त्यांना माहीत होते. ते नुसते उंबऱ्याकडे पाहत राहिले.

"चला, सावळाराम," पाटलांचा आवाज आला. "हात म्होरं कर."

मग माझ्या आईचा आवाज आला.

"आबा, जरा थांबा. मागच्या डावाला मी उचलला."

"व्हय, उचललास की."

"आन् पाळला बी. तात्यांनी बी पाळला. समद्यांनी पाळला. तवा आज पयल्यांदा तुमी उचला."

"मी? मी कशाचा उचलू, छबू?"

"सभंला जाल म्हणून. जाल, जागं ऱ्हाल, आन् आमच्या शाळंसाठी उभं ऱ्हाऊन बोलाल म्हणून. तुमी उचला, मंग आमी समदी उचलतो. मी पयली."

देवळात हसू उमटले, परंतु ते वाईट हसू नव्हते. पाटीलही हसले. "अगं, एवढंच ना? आण रं गेणू पान." गेणूने त्यांच्या मोठ्या तळहातावर पान ठेवले आणि हळद टाकली. पाटील पिंडीकडे वळले.

आणि ते गप्प झाले. रामहरींना बाहेर फक्त घंटेला वाऱ्याने होणारा बारीक आवाज ऐकू येत होता. कितीतरी वेळ गेला. मग पाटील हळू बोलले. इतका हळू आवाज त्यांचा कोणी ऐकलेला नव्हता.

"मला जमायचं न्हाय."

"काय म्हणलासा, आबा?" कोणीतरी विचारले.

"जमायचं न्हाय म्हणलं. त्या खोलीत बसलं की माझं डोळं मिटत्यात. म्या काय करू? आज उचलीन आन् सा म्हयन्यांत मोडंल. महादेवाफुडं खोटं पान मी उचलणार न्हाय." त्यांनी पान पुन्हा ताम्हनात ठेवले. "गेणू, ठेव ते खाली. आन् तुमी समदी जावा घरला. ज्याला वाटंल त्याला मत द्या. माझा कुणावर शबुद न्हाय."

ते बाहेर आले तेव्हा पायरीवर रामहरी उठून उभे राहिले. पाटलांनी त्यांच्याकडे पाहिले, हळदीचा हात धोतराला पुसला आणि म्हणाले, "तुझी सोबत हाय म्हणून उभा ऱ्हायलो व्हतो रं. ये आता निवडून." आणि ते निघून गेले. त्यांनी उमेदवारी मागे घेतली नाही, कारण तसे करणे त्यांना कमीपणाचे वाटले. ते सव्वाशे मतांनी पडले, वर्षभर रामहरींशी बोलले नाहीत, आणि मग एके दिवशी गुऱ्हाळावरून गुळाची ढेप घेऊन आले.

रामहरी पहिल्या सभेला निघाले तेव्हा बारामतीहून दौंडपर्यंत छोटी गाडी आणि पुढे पुण्याला मोठी गाडी, असा प्रवास त्यांनी आयुष्यात प्रथमच केला. सभेत ते उभे राहिले आणि तीन वाक्ये बोलले. मुले बावीस आहेत, मध्ये कालवा आहे, जागा तयार आहे. जागा म्हणजे आमच्या गोठ्याची पडवी. सन १९३७ च्या जूनमध्ये तेथे शाळा भरली. लिहिणारीचे लग्न त्याआधीच होऊन ती वडगाव निंबाळकरला गेलेली होती, परंतु तिची दोन धाकटी भावंडे त्या पडवीत शिकली.

यापुढील बावीस वर्षांचे सर्व लिहिणे शक्य नाही. त्यांच्या खटपटीने भागात अकरा विहिरी झाल्या, इंदापूरच्या बाजूचे दोन रस्ते झाले. काही गोष्टी झाल्या नाहीत. कालव्यावरचा पूल त्यांच्या हयातीत झाला नाही आणि त्याची त्यांना शेवटपर्यंत टोचणी होती. ते हट्टी होते. गेणूच्या मुलाला शिपायाची जागा मिळत असताना त्यांनी शब्द टाकला नाही. त्यावरून तानूबाई त्यांना अखेरपर्यंत घालूनपाडून बोलल्या. माणसे गाऱ्हाणे घेऊन येत तेव्हा ते अंगणात बसून ऐकत आणि ऐकता ऐकता पत्रावळी लावीत. गाऱ्हाणे लांबले तर पाच-सहा पत्रावळी होत. पाटील म्हातारपणी तेथे येऊन बसत आणि नव्या माणसाला सांगत, "बोल, बोल. ह्यो झोपत न्हाय."

ते पुन्हा गुरवकीकडे वळले नाहीत. देवळात ते रोज जात, इतरांसारखे रांगेत उभे राहत आणि गेणूच्या हातून तीर्थ घेत.

सन १९३९ च्या निवडणुकीच्या आदल्या दिवशी लिहिणारी माहेरी आलेली होती. संध्याकाळच्या आत रामहरी वस्तीवर आले. मागच्या निवडणुकीलाही ते आदल्या दिवशी आले होते आणि प्रत्येक घरी त्यांनी एकच मागणे मागितले होते, असे तिने ऐकले होते. ते आमच्या दारात उभे राहिले. आई वांग्यांची पाटी भरत होती. ती म्हणाली, "तात्या, तुमाला सांगाया पायजे का? मत तुमालाच हाय."

रामहरींनी हात जोडले आणि म्हणाले, "ते तुमचं तुमी बघा, छबूबाई. माझं मागणं येवढंच हाय. उद्या मत द्यायच्या आदी देवळात जाऊ नका. मत देऊन झालं की मंग जावा."